एकच नाव आहे, सर

मंदा, तुझ्या शोकसभेत मी काय केलं ते तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते मीच सांगितलेलं बरं. दुसरं कोणी सांगेल तर त्यात तिखटमीठ लावील. पण ते शेवटी. आधी बाकाचं बोलू. तेरावं झाल्यापासून सगळे तुझ्याबद्दल बोलताहेत आणि बाकाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तुमच्या माधव नगरच्या घरी लोक येतात, तुझ्या फोटोसमोर हात जोडतात आणि म्हणतात, "कित्ती शांत बाई होती." शांत! मी तुझ्याशी नोकरीला लागल्यापासून भांडत आले आहे. तू शांत नव्हतीस, चिवट होतीस. दोन्हींत फरक आहे, पण फोटोपुढे उभं राहून असले फरक काढू नयेत म्हणून मी गप्प बसले.

तू गृहविज्ञानाची, मी सांख्यिकीची. तुझे वडील बँकेच्या बदलीवर जळगावहून इथे आले, तर आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकुनी करायचे. म्हणून तू मला 'मूळची उज्जैनकर' म्हणून चिडवायचीस आणि माझ्या मराठीतल्या हिंदीला नाक मुरडायचीस. "शैला, 'मी जाऊन राहिले' काय म्हणते गं? 'जातेय' म्हण." आणि स्वतः मटाराला बेधडक बटले म्हणायचीस. ते मी दाखवून दिलं की म्हणायचीस, "बटल्याला बटलेच म्हणायचं, मटार पुण्यात."

गावाबाहेरच्या आपल्या लहानशा विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं काम करायचं ठरलं, तेव्हा ते तुझ्या गळ्यात पडलं, कारण समुपदेशनाचा डिप्लोमा फक्त तुझ्याकडे होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून तू तो मनापासून केला होतास. तुला खोली मिळाली ती शिष्यवृत्तीच्या खिडकीला लागून. त्या खिडकीपुढे सदानकदा पोरांची रांग. तुझ्या दारावर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'परामर्श केंद्र'. त्या दारातून आत जायचं म्हणजे अख्ख्या रांगेसमोर 'माझं डोकं ठिकाणावर नाही' असं जाहीर करण्यासारखंच होतं. कोण जाणार? एक पेटीही लावली होती, मनातलं लिहून टाकायला. तिच्यात मेसच्या डाळीच्या तक्रारी निघाल्या, आणि एकदा तुझ्या भाचीसाठी एक स्थळ. मग सकाळचा हास्यवर्ग झाला. मी तेव्हाच म्हटलं होतं, हसा म्हटल्यावर हसणारी पोरं आधीच बरी असतात. ज्यांनी यायला हवं ती होस्टेलात उशीत तोंड खुपसून पडली आहेत. तू म्हणालीस, "मग तू सुचव." मला काही सुचलं नाही. टीका करणं हा माझा विषय आहे, सुचवणं हा नव्हे.

बाक सुचला तोही ठरवून नाही. थंडीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत तू फ्रीगंजहून भाजी आणलेली. घरी सून एकटी, रात्री पाहुणे, म्हणून ग्रंथालयामागच्या करंजाखालच्या बाकावर तू पिशवी उघडलीस आणि बटले सोलायला बसलीस. एक मुलगी देवास गेटला जाणाऱ्या बसची वाट बघत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं तुझ्याकडे पाहिलं, सरकली, आणि न विचारता शेंगा सोलायला लागली. आपल्या माळव्यात हे काही नवल नाही. कोणी बटले सोलत असलं तर बघणारा हात बांधून बसत नाही. शेजारीण निरोप द्यायला आली तरी मूठभर सोलूनच उठते. पिशवी संपत आली तेव्हा ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मैम, मैं तीन महीने से क्लास में नहीं गई। घर पर किसी को पता नहीं है।"

दुसऱ्या दिवशी तू मला हे सांगायला धावत आलीस. तुझे डोळे चमकत होते. "शैला, हाताला काम असलं की तोंडाचं कुलूप आपोआप उघडतं. डोळ्यांत बघायची गरज नाही. गप्प बसलं तरी विचित्र वाटत नाही. मधेच एखाद्या शेंगेत अळी निघाली की दोघी किंचाळून मोकळ्या." त्यानंतर दर बुधवारी दुपारी तू बाकावर. थंडीत बटले, उन्हाळ्यात निवडायला वर्षाचा गहू, पावसाळ्यात सोलायला मक्याचे भुट्टे. ते भुट्टे किसून, दुधात शिजवून तू कीस करायचीस आणि गुरुवारी डबा आणायचीस, जो असेल त्याला चमचा द्यायचीस. मी म्हणायचे, "वा, फुकटची मजुरी! तुझ्या घरचं वर्षाचं सगळं विद्यापीठ निवडून देतंय." तू हसायचीस आणि माझ्यापुढे सूप सरकवायचीस.

गंमत म्हणून ठीक आहे, पण हे नुसतं भाजी निवडणं नव्हतं, हे मला कळत होतं. कोणाचं नुसतं ऐकून भागेल आणि कोणाला डॉक्टर लागेल हे तू ओळखायचीस. कितीतरी पोरांना तू स्वतः फ्रीगंजच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलंस आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिलीस. कोणाला नेलंस ते मलाही कधी सांगितलं नाहीस. डीनसाहेबांनी वर्षाचा अहवाल मागितला, 'लाभार्थी किती?' तू लिहून दिलंस की सांगता येणार नाही, परंतु बटले पुष्कळ सोलले गेले. तो कागद त्यांनी मला दाखवला, सांख्यिकीची म्हणून. मी म्हटलं, "आकडा बरोबर वाटतो, सर."

आता माझं. आई गेल्यानंतरचे ते दिवस. आईचं सगळं मी करत होते, लग्न केलं नाही त्याला तेही एक कारण, आणि ती गेल्यावर लोक म्हणाले, "सुटली बिचारी," आणि बहुधा मीही सुटले असं त्यांना म्हणायचं होतं. संध्याकाळी तास संपले की मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसायचे आणि किल्ली लावायचीच नाही. घरी जाऊन काय करायचं ते कळत नव्हतं. झाडूवाल्या बाई विचारायच्या, "मैडम, गाड़ी खराब है क्या?" मी म्हणायचे, हो. एका बुधवारी तू समोर येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "बटले जास्त आलेत. हात कमी पडताहेत. ये." मी आले. पुढच्या बुधवारी पुन्हा आले. मग येतच राहिले. सगळ्यांना सांगायचे की मंदाची भाजी मी निवडून देते, तिला एकटीला झेपत नाही.

आणि मंदा, तू मला एकदाही विचारलं नाहीस की शैला, तुला काय होतंय. एकदाही नाही. तुझी पद्धत होती ती, मला ठाऊक आहे. विचारायचं नाही, वाट पाहायची, माणूस आपणहून बोलेल. मी बोलले नाही. मी शेंगा सोलल्या आणि हळूहळू बरी झाले, हे खरंच. तुझे उपकार आहेत माझ्यावर. पण मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं. मला सांगायचं होतं.

म्हणूनच प्रीतीच्या वेळी मी तशी वागले. ही प्रीती तराणा गावाकडची, होस्टेलवर राहणारी, बी.एस्सी.ची. भुट्ट्यांच्या दिवसांत ती कितीतरी बुधवार आली आणि एक अक्षर बोलली नाही. भुट्ट्याचा एकेक केस काढत बसायची. आपल्या वह्या, रंगपेटी, नवी ओढणी, सगळं मैत्रिणींना वाटून टाकत होती हे आपल्या दोघींच्या कानावर आलं होतं. तू म्हणालीस, "घाई नको. आज-उद्या बोलेल." मला राहवलं नाही. मी भुट्टा खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "प्रीती, मर जाने का मन करता है क्या?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की वाटलं, आता हातातला भुट्टा फेकून मारतेस.  प्रीती रडायला लागली आणि तिनं मान हलवली, हो. त्यापुढचं सगळं तूच केलंस. तिला जवळ घेतलंस, तिच्या आईला फोन लावायला तिलाच तयार केलंस, त्याच दुपारी तिला डॉक्टरांकडे नेलंस. मी नुसती भुट्ट्यांची सालं गोळा केली. परत आल्यावर तू मला फैलावर घेतलंस. "ती उठून पळाली असती तर? बाक कायमचा सुटला असता तिचा!" मी म्हटलं, "आणि न बोलताच गेली असती तर?" "तुला सगळ्याचं उत्तर हो नाहीतर नाही असं हवं असतं." "आणि तुला उत्तरच नको असतं!" पुढचा आठवडाभर आपण स्टाफरूममध्ये एकमेकींशी तिसऱ्याच्या मार्फत बोलत होतो. मग तू पोह्यांचा डबा पुढे केलास आणि भांडण संपलं. वाद संपला नाही. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस की वाट पाहावी. मी म्हणत राहिले की विचारावं.

प्रीती औषधांनी, तुझ्या बुधवारांनी आणि तिच्या आईच्या शहाणपणानं सावरली. त्याच वर्षी मानसिक आरोग्य सप्ताहाचा समारोप झाला. तो प्रसंग आठवला की मला अजून घाम फुटतो. डीनसाहेब मनानं वाईट नाहीत. पण आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट झाली की तिला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. रक्तदान केलं, शाल. निवृत्त झाला, शाल. त्यांच्या मनात आलं की परामर्श घेणाऱ्यांचाही सत्कार करावा. माइकवर म्हणाले, "हमें संकोच तोड़ना है। जिन विद्यार्थियों ने परामर्श का लाभ लिया, उनका आज सम्मान होगा। मंदाकिनी मैडम नाम पढ़ेंगी।" टेबलावर शालींचा ढीग, नारळांची टोपली. सगळं सभागृह माना वळवून एकमेकांकडे पाहू लागलं. प्रीती तिसऱ्या ओळीत होती. तिचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक.

तू पदर खोचलास, सावकाश पायऱ्या चढलीस, माइक हातात घेतलास. "एक ही नाम है, सर," तू म्हणालीस. "मंदाकिनी जोगळेकर। मुझे बहुत लाभ हुआ है।" आणि मान पुढे केलीस, शालीसाठी. आधी हशा पिकला, मग टाळ्या. डीनसाहेब गोंधळले, पण हातात शाल होती, ती कोणाच्या तरी खांद्यावर घालणं भाग होतं. उरलेल्या शाली प्राध्यापकांत वाटल्या गेल्या. नारळ तू बुधवारी बाकाच्या दगडी कडेवर फोडलास.

त्या दिवशी मी तुला विचारलं, अर्थात सरळच, "मंदा, ते खरं होतं की पोरांना वाचवायला म्हणालीस? तू कधी गेली होतीस कोणाकडे?" तू खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "खा. गोड निघालाय." नंतर दोनतीनदा विचारलं. दर वेळी काहीतरी खायला दिलंस. मला अजून माहीत नाही. तुझ्या वाट पाहण्याच्या नियमानं मी वाट पाहिली, सांगशील कधीतरी. हा घे तुझ्या पद्धतीचा पुरावा.

आणि यंदा, त्या गुरुवारी, तू कीस घेऊन आलीच नाहीस. सुनेचा फोन आला. चहा ठेवायला उठलीस आणि ओट्याशीच खाली बसलीस, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. हृदय. स्मशानात मी रडले नाही, घरी जाऊनही नाही. चार दिवसांनी तुझ्या सुनेनं माझ्या हातात एक पिशवी दिली. "मावशी, फ्रिजमध्ये हे राहिले होते. सासूबाईंना कीस करायचा होता." बुधवारी बाकावर आपण सोललेले भुट्टे. त्यातले अर्धे मी सोललेले, हे लगेच ओळखलं, कारण त्यांवर केस राहिले होते, तुझे स्वच्छ असायचे. ते किसताना रडले. चांगली हंबरडा फोडून रडले. कीस करपला.

आता शोकसभा. तेच सभागृह, तेच टेबल, तुझा हार घातलेला फोटो. डीनसाहेब खरोखर रडत होते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. आणि रडता रडता त्यांनी पुन्हा तेच केलं. "मैडम ने कितने बच्चों का जीवन सँवारा। मैं चाहता हूँ कि जिन-जिन को उन्होंने सँभाला, वे मंच पर आकर दो शब्द कहें।"

प्रीती आता एम.एस्सी.ला आहे. तिचं लग्न ठरलंय, साखरपुडा झालाय, आणि होणारी नणंद आपल्याच विद्यापीठात, त्या दिवशी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर. मला हे माहीत होतं कारण प्रीतीनंच सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की नवऱ्या मुलाला ती सगळं स्वतः सांगणार आहे, तिच्या वेळेला, तिच्या तोंडानं. आणि आता ती रडत होती. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, आणि ती उठत होती. तुझ्यासाठी उठत होती गं. तुझे उपकार फेडायला ती तिथे सगळं बोलून बसली असती. तिनं ठरवून सांगितलं असतं तर मी टाळी वाजवली असती. पण ते ठरवणं नव्हतं, तो कढ होता, आणि माइक कढावरच टपलेला असतो.

मी पुढच्या ओळीत होते म्हणून बरं. उठले. गुडघा कटकन वाजला. पायऱ्या चढले. माइक माझ्या उंचीला नव्हता, तो खाली ओढला तर किंचाळला. मी म्हटलं, "एक ही नाम है, सर। शैला बक्षी।"

मंदा, तुझ्यासारखं मला हसवता आलं नाही. कोणी हसलं नाही. मी म्हटलं की आई गेल्यावर मला घरी जाववत नव्हतं. स्कूटर खराब नव्हती, मी खराब होते. मंदा मॅडमनी मला बटले सोलायला बोलावलं, म्हणून मी आज इथे उभी आहे. आणि त्यांना हे मी कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतेय. "बाकी किसी को कुछ कहना हो तो बुधवार को बेंच पर आए। माइक पर कहने की जरूरत नहीं है।" एवढं बोलून खाली उतरले. सांख्यिकीची बक्षी मॅडम, जिला पोरं हिशेबाचं यंत्र म्हणतात, तिला पाहून मागच्या ओळींतली पोरं आ वासून बसली होती. प्रीती खाली बसली होती. नणंद तिला पाणी देत होती, रडणाऱ्या कोणालाही देतात तसं.

तुझं खरं होतं की नाटक, हे मला माहीत नाही. माझं मात्र खरं होतं. एवढ्या बाबतीत तरी मी तुझ्या पुढे आहे, असं म्हणू दे.

काल बुधवार होता. देवास गेटजवळच्या हातगाडीवरून भुट्टे घेतले. तू निवडायचीस तसे कोवळे मला ओळखता येत नाहीत, निबर निघाले. करंजाखाली बसले. बराच वेळ कोणी आलं नाही. ग्रंथालयातली पोरं लांबून बघत होती, बहुधा मॅडम आज किती सोलतात ते. मग प्रीती आली. पिशवीतून एक भुट्टा घेतला, साल ओढली, केस काढायला लागली. मी मनात म्हटलं, आज विचारायचं नाही, आज मंदाच्या पद्धतीनं. बोलेल तेव्हा बोलेल.

तिनं भुट्टा खाली ठेवला. माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "मैम, आप ठीक हैं क्या?"

इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदा कोणी विचारलं, मंदा. आणि विचारून झाल्यावर तिनं पुन्हा भुट्टा उचलला, मान खाली घातली आणि गप्प बसली. उत्तराची घाई केली नाही. ते तिला तू शिकवलं होतंस.

माझे दोन भुट्टे सोलून झाले. मग मी म्हटलं, "नहीं."

"बताइए," ती म्हणाली, आणि पिशवी दोघींच्या मध्ये ओढली.